सफरचंदांचा खोका

२ फेब्रुवारी, रविवार

आज पहिलं प्रवचन पार पडलं. पुढच्या काही बाकांनी ऐकलं आणि थोडंफार पाहिलंही. मागच्या बाकांनी नुसतं ऐकलं, कारण मी त्यांना दिसतच नव्हते.

दोष पुलपिटाचा आहे. प्रवचन करताना पाळक ज्याच्या मागे उभे राहतात तो तीन बाजूंनी बंद असलेला लाकडी कठडा थोरल्या पाळकसाहेबांच्या मापाने केलेला आहे. ते ताडमाड उंच. निवृत्त झाले तरी पहिल्या बाकावर खांबाशेजारी बसतात, आणि बसूनही माझ्याएवढे दिसतात. मी कठड्यामागे उभी राहिले की वर फक्त कपाळ आणि चष्म्याची कड उरते. एका चिमुरडीने आईला चांगलं खणखणीत विचारलं, "बोलतंय कोण?" आई म्हणाली, "गप्प. नवीन पाळक आहेत." "पण कुठे आहेत?"

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आवाज छान येत होता हो. रेडिओसारखा."

सहा महिन्यांची उमेदवारी आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी मंडळी मत देणार. मत म्हणजे चिठ्ठ्याबिठ्ठ्या नाहीत. मी बाहेर जायचं, आणि ज्यांना मी हवी त्यांनी जागेवरून उठून उभं राहायचं. पुरेसे उठले तर मी कायम. नाही तर चर्चमागचं हे तीन खोल्यांचं घर रिकामं करायचं. मी शाळेतली नोकरी सोडून आले, ह्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं चालतं दुकान उचलून इथे आणलं, आणि सासूबाईंनी जुन्या घरातली आपली खिडकी सोडली. पडले तर मी एकटी पडणार नाही.

मुलाखतीच्या वेळी सुतारकाकांनी एकच प्रश्न विचारला होता. ते चर्चच्या पंचांपैकी एक, आणि पुलपीट त्यांच्याच हातचं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून (फार वेळ लागला नाही) ते बाकीच्यांना म्हणाले, "दिसतील का?" सगळे हसले. मी अजून हसलेले नाही.

देवा, मला सामर्थ्य दे. आणि जमलं तर सहा इंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी फळवाल्याकडून सफरचंदांचा रिकामा खोका आणला. लाकडी आहे, दणकट आहे, बाजूला सफरचंदाचं चित्र आणि खाली लाल अक्षरांत 'सांभाळून हाताळा'. तो पुलपिटामागे ठेवून मी वर चढले, तर अख्खं चर्च दिसायला लागलं. हे शेवटच्या बाकावर बसून म्हणाले, "आता कशी पाळक दिसतेस!"

"आधी कशी दिसत होते?"

"आधी दिसत नव्हतीस."

ही गोष्ट आम्हा दोघांतच राहील असं ठरलं. खोक्यावर चढणारी पाळक म्हटलं की संपलंच. सुतारकाकांना तर सुगावाही लागता कामा नये.

९ फेब्रुवारी, रविवार

जमलं! सूचना मी खाली टेबलापाशी वाचते. मग प्रवचनाआधी प्रार्थना. "आपण डोळे मिटू या," असं म्हणत मी पुलपिटामागे जाते आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना खोक्यावर चढते. आमेन म्हणून लोक डोळे उघडतात तेव्हा मी हातभर वर आलेली असते. कोणाच्या काहीही लक्षात आलं नाही.

गायनमंडळ माझ्या उजव्या हाताला, जरा मागच्या बाजूला बसतं. प्रवचनभर त्यांनी माना खाली घातल्या होत्या, आणि दोघीतिघींनी तर तोंडाला रुमाल लावले होते. एवढी नम्र मंडळी मी आजवर पाहिली नव्हती.

आणि मुख्य म्हणजे थोरल्यांनी मान डोलावली. डोळे मिटून, हळूहळू, पुन्हा पुन्हा. त्या मानेची या मंडळीत केवढी किंमत आहे! मला इतका आनंद झाला की शेवटचा मुद्दा मी दोनदा सांगितला.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवीनच भानगड. इथल्या रिवाजाप्रमाणे पाळकांची बायको महिला मंडळाची अध्यक्ष असते. मी स्वतःच पाळक, म्हणजे बायको नाही. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी यावर पुष्कळ विचार केला आणि आज घरी येऊन ह्यांच्या हातात निमंत्रण ठेवलं. "रिवाज तो रिवाज," म्हणाल्या. मला वाटलं हे हसून टाळतील. पण हे म्हणाले, "किती वाजता?"

१६ मार्च, रविवार

खोका डुगडुगायला लागला होता. मागच्या रविवारी 'विश्वासात स्थिर राहा' म्हणताना मला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला. घरी येऊन मनापासून प्रार्थना केली. आज चढते तर खोका जागचा हलेना! उपासनेनंतर उलटा करून पाहिला. खाली चारही कोपऱ्यांना रबराचे तुकडे ठोकलेले. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फळवाले मालाची काय काळजी घेतात!

ह्यांना सांगितलं तर ह्यांना अचानक ठसका लागला.

१३ एप्रिल, रविवार

आज थोरल्यांनी मान डोलावली नाही.

संपूर्ण प्रवचनभर ते डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. नक्की कुठे चुकलं? मी घाबरून मधला भाग गाळला, मग तो शेवटी घातला, मग शेवटच हरवला. बाहेर पडताना ते म्हणाले, "आज चहा जरा कडक झाला होता सकाळी." ते मला असं कशावरून बोलले असावेत यावर मी दुपारभर विचार करते आहे. बहुधा माझं बोलणं कडक झालं असं त्यांना सुचवायचं असावं. थोर माणसं थेट बोलत नाहीत.

पुढच्या रविवारी मऊ बोलायचं.

११ मे, रविवार

गेले चार रविवार मऊ बोलते आहे. मान सुरळीत डोलते आहे. आज तर प्रवचन संपून गाणं सुरू झालं तरी डोलतच होती. माणूस शब्दात किती खोल उतरू शकतो!

खोक्याच्या मधल्या फळीला चीर पडली होती, तीही गेली. म्हणजे चीर आहे, पण खालून आडवी पट्टी आहे. पट्टीवर चपट्या लाल पेन्सिलीची खूण. आधी पाहिली नव्हती हे नक्की. मी जास्त चौकशी केली नाही. काही कृपा प्रश्न न विचारता घ्याव्यात.

मंडळाच्या सभेहून हे खूश होऊन आले. बायकांना ह्यांनी सुईत दोरा ओवायची युक्ती शिकवली आणि त्यांनी ह्यांना जुन्या पाळकांच्या सगळ्या गमती सांगितल्या. हे म्हणाले, "अगं, तुझ्याबद्दल फार प्रेमाने बोलतात. म्हणतात, आमच्या बाई आल्यापासून त्या खो..."

मी कानांवर हात ठेवले. "माझी स्तुती मला सांगू नका. डोक्यात हवा जाते."

"पण ऐक तर..."

"नको म्हटलं ना!"

सासूबाई छताकडे बघून म्हणाल्या, "राहू दे रे. तिला नम्र व्हायचंय."

१४ जून, शनिवार

मी म्हणत नव्हते?

दुपारी गीतांची निवड करायला चर्चमध्ये गेले, तर बाजूच्या दारातून सुतारकाका बाहेर येत होते. कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी. मला पाहून दचकले. सुतारकाका दचकले, म्हणजे पाणी मुरतंय.

"काय काका, आज शनिवारी?"

"पुलपीट बघत होतो जरा."

"का? काय झालंय पुलपिटाला?"

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. जणू मीच काही बोलणार होते. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला? नाही बुवा."

"मग काही नाही," म्हणून गेले.

मोजपट्टी! आता काय ते स्पष्ट आहे. पुढच्या पाळकासाठी माप घेतायत. दीड महिना बाकी असताना! मी तडक घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला विचार की सरळ."

सरळ विचारायचं म्हणजे आपला कमकुवतपणा दाखवायचा. पुढाऱ्याने तो दाखवला की लोक डोक्यावर बसतात.

१७ जून, मंगळवार

चर्चच्या दोन्ही दारांना नवीन कुलपं बसवली. कारण विचारलं तर 'सुरक्षा' असं सांगणार आहे. किल्ल्या फक्त माझ्या पर्समध्ये. आता शनिवारी येऊन दाखवा म्हणावं.

योगायोगाने पुढच्या महिन्यासाठी प्रवचनमाला ठरवली, 'देव आपला आश्रय'. मतदानाच्या रविवारी शेवटचं प्रवचन खडकावर. विषय भक्कम आहे.

१३ जुलै, रविवार

आज खोका कुरकुरला. माइकवरही गेलं. मी जरा खाकरून वेळ मारून नेली. गायनमंडळाने एकमेकींकडे पाहिलं. सुतारकाका शेवटच्या बाकावरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

उपासनेनंतर ते माझ्याजवळ आले. "बाई, किल्ली मिळेल का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"कसलं काम?"

परत तेच, नुसतं बघणं. मी म्हटलं, "सुरक्षेचा प्रश्न आहे, काका." त्यांचे कान लाल झाले. गेले निमूटपणे. मला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घरी मी हे कोणाला सांगितलं नाही.

२६ जुलै, शनिवार, दुपार

उद्या मतदान.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून खरं लिहिते. (सासूबाई, वाचत असाल तर निदान चहाचे डाग पाडू नका.) मला भीती वाटते. रोज वाटते. चर्चच्या दारात उभी राहून मी लोकांचे हात हातात घेते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माझे मार्क शोधत असते. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करते आणि डोळे किलकिले करून बघते, नातेवाइकांना आवडली की नाही. देव आहे याची मला पक्की खात्री आहे. तो उद्या माझ्यासाठी कोणाला उठवून उभं करील याची नाही.

हे आपल्या नव्या दुकानाची पाटी रंगवतायत. आज नको, उद्यानंतर रंगवा, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "रंग आणलाय, वाळून जाईल," आणि रंगवत राहिले. मला रडू आलं.

असो. तयारी झाली आहे. थोरले येणार आहेत, म्हणजे मान आहे. किल्ल्या पर्समध्ये आहेत. खोका जागेवर आहे. प्रार्थना तेवढी राहिली, ती सकाळी करते.

२७ जुलै, रविवार

पाय सुजला आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी प्रार्थना राहून गेली. इस्त्री सापडत नव्हती.

चर्च गच्च भरलेलं. सूचना झाल्या, डोळे मिटले, मी चढले. प्रवचन चांगलं सुरू झालं. येशूच्या दाखल्यातलं वाळूवरचं घर सांगून झालं, पाऊस आला, पूर आला. थोरल्यांची मान छान लयीत होती. मी खडकापाशी पोचले आणि म्हणाले, "पण ज्याने आपला पाया खडकावर घातला, तो माणूस..." 'तो'वर जोर द्यायला टाचा उंचावल्या. खोक्याने तेवढंच सोसलं नाही.

कडकड आवाज झाला. मंडळीच्या बाजूने पाहणाऱ्यांना वाक्याच्या मध्यावर पाळक नाहीशी झालेली दिसली. माइकवर फक्त माझं "आई गं!" गेलं.

आवाजाने थोरले खडबडून जागे झाले. जागे! ते ताडकन उठले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने दोन्ही हात उंचावून उपासनेचा शेवटचा आशीर्वाद द्यायला लागले. त्यांच्या सूनबाईंनी कोट ओढून त्यांना खाली बसवलं. हे धावत निघाले होते, त्यांना सासूबाईंनी अडवलं. "थांब. ओरडली, म्हणजे जिवंत आहे."

मी पुलपिटामागे जमिनीवर बसले होते. एक पाय खोक्याच्या आत. तीन बाजूंनी लाकूड. आणि तिथे बसल्याबसल्या मला जाणवलं की सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी या चर्चमध्ये कोणालाच दिसत नाहीये. ना थोरल्यांना, ना सुतारकाकांना. आणि मला भीती वाटत नव्हती. व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि खाली जमीन होती. इतके दिवस मी देवाविषयी इतकं बोलत आले, पण त्याच्याशी या पुलपिटामागून केलेली माझी पहिली खरी प्रार्थना 'आई गं' ही होती. ती ऐकली गेली हे मला तिथल्या तिथे कळलं. कसं कळलं ते लिहिता येत नाही. कोणीतरी शेजारी येऊन जमिनीवर बसावं तसं वाटलं. मला हसायला येऊ लागलं.

तेवढ्यात खरंच कोणीतरी आलं. सुतारकाका. गुडघ्यांवर बसून त्यांनी माझा पाय फळ्यांतून सोडवला. कानावर चपटी लाल पेन्सिल.

"जूनपासून स्क्रू सैल होता," ते पुटपुटले. "कुलूप बदललंत ना."

मी पेन्सिलीकडे पाहिलं, मोडक्या पट्टीवरच्या लाल खुणेकडे पाहिलं, रबराच्या तुकड्यांकडे पाहिलं. फळवाले!

त्यांचा हात धरून मी लंगडत पुलपिटाच्या पुढे आले आणि खाली, लोकांच्या बाकांसमोर उभी राहिले. मागचे लोक मला बघायला उठून उभे राहिले. मी म्हटलं, "मी तुम्हाला खडकावर उभं राहायला सांगत होते आणि स्वतः उभी होते सफरचंदांच्या खोक्यावर. पहिल्या आठवड्यापासून."

"ठाऊक आहे!" अख्खं चर्च एका सुरात ओरडलं. ती चिमुरडीसुद्धा. गायनमंडळाची सगळी नम्रता एकदम सुटली. सेक्रेटरीबाई तर हसून हसून बाकावर आडव्या झाल्या.

हसणं थांबल्यावर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. हे सांगतात की फार थोडं बोललीस. मला तुमची भीती वाटते, असं म्हणालीस. मी तुमच्या माना बघून बोलत आले, असं म्हणालीस. आज पडल्यावर मला ज्याने धरलं तो वर नव्हता, खाली होता, असं म्हणालीस. मग "आमेन" म्हणालीस आणि कोणी झोपलं नव्हतं.

मतदानासाठी मी घरी आले. स्वयंपाकघरात बादलीत पाय घालून बसले. खिडकीतून बाकांचा आवाज आला. लोक उठत होते. सगळे उठले की थोडे, ते आवाजावरून कळत नाही. मी कान देऊन ऐकायला गेले आणि मग ऐकणं सोडलं. देवाला म्हटलं, "हे घर गेलं तर मला वाईट वाटेल, फार वाटेल. पण तू तिकडेही असशील ना?" आणि खरं सांगायचं तर त्या बादलीपाशी मी जितकी निवांत होते तितकी गेल्या सहा महिन्यांत पुलपिटामागे एकदाही नव्हते.

सासूबाई आधी आल्या. पिशवी खुंटीला लावली, चप्पल काढली, पाणी प्यायल्या. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाल्या, "राहिलीस. सुतार सगळ्यात आधी उठला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही उठले. एक जण बसून होतं."

२९ जुलै, मंगळवार

सुतारकाका आणि थोरले दोघं पाय बघायला आले. मी किल्ल्या सुतारकाकांसमोर ठेवल्या आणि माफी मागितली. ते म्हणाले, "पुलपीट कापायचं होतं, बाई. तुमच्या मुलाखतीच्या दिवसापासून. मी म्हटलं ना तेव्हा, दिसतील का म्हणून. एवढ्या उंच कठड्यामागे कोण दिसणार?"

"मग कापलं का नाहीत?"

"तुमची जागा ती. तुम्ही म्हटल्याशिवाय हात कसा लावणार? मी म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही काही बोलेनात. मग म्हटलं, निदान खोका तरी धड असू दे."

मला तोंड कुठे लपवावं ते कळेना. विषय बदलायला थोरल्यांना म्हटलं, "पण साहेब, तुमची मान..."

"झोप छान लागते तुमच्या प्रवचनात," ते अगदी मनापासून म्हणाले. "रात्री लागत नाही ना. तुमचा आवाज ऐकला की वाटतं, मंडळी बऱ्या हातांत आहे, आता आपण मिटावं डोळे. फक्त चहा कडक झाला की पंचाईत होते."

मग ते सुतारकाकांकडे बघून गालात हसले. "बाईंना सांगू का रे?"

"सांगा. माझं तोंड तर मी उघडलं नाही आजवर."

"हे पुलपीट एवढं उंच का, माहीत आहे? माझ्या मापाचं म्हणतात लोक. माझं माप एवढं नाही. मीच याला म्हटलं होतं, छातीपर्यंत कर आणि तिन्ही बाजू बंद कर. माझे पाय लटपटायचे. दर रविवारी. शेवटच्या रविवारपर्यंत."

"तुमचे?" मी विचारलं. "मग भीती गेली कशी?"

"कुठे गेली? मी तिला बरोबर घेऊनच चढायचो. देव मला कधी म्हणाला नाही की आधी भीती टाकून ये. ये, एवढंच म्हणायचा." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "तुम्ही पडलात ते बरं झालं. मला कधी पडायला जमलं नाही."

ते दोघं गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "मग तो एक जण कोण असेल हो? मला वाटत होतं थोरले झोपले असतील, पण ते तर उठले होते म्हणे."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "मी," म्हणाल्या.

"तुम्ही?"

"गुडघे दुखत होते."

त्यांनी एक पान उजेडात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "आणि सगळेच उठले असते ना, तर तू आयुष्यभर त्या मतांवर चढून बसली असतीस."

२ ऑगस्ट, शनिवार

सुतारकाका सकाळीच करवत घेऊन आले. मी पुलपिटाशेजारी उभी राहिले आणि त्यांनी माझ्या कोपराच्या उंचीला लाल पेन्सिलीने रेघ मारली. "एवढं कापू?"

मी म्हटलं, "काका, कठडाच नको. नुसतं एका दांड्यावरचं स्टँड होईल का? बायबल ठेवण्यापुरतं?"

ते विचारात पडले. "मग पाय दिसतील, बाई."

"दिसतील."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि कामाला लागले. दुपारी हे आणि सेक्रेटरीबाई भुसा झाडायला आले. मोडक्या खोक्याच्या फळ्या सासूबाईंनी मागून घेतल्या, खिडकीत टोमॅटोची रोपं लावायला. 'सांभाळून हाताळा' बाहेरच्या बाजूला आलं आहे. त्या म्हणतात, ते माझ्यासाठी नाही, टोमॅटोसाठी आहे. दुकानाची पाटीही वाळली.

स्टँड तयार आहे. आताच जाऊन त्यामागे उभी राहून आले. रिकाम्या चर्चमध्येही पाय लटपटत होते. उद्या तर लटपटणारच, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना दिसणार. दिसू देत. ज्याच्यापासून मी हे पाय खरे लपवत होते, त्या देवाला ते पहिल्या रविवारपासून दिसत होते, आणि तरी तो म्हणत होता, ये.